पायाले का पाह्याले?

मार्च संपत आला की आमच्या बुलढाणा जिल्ह्यात बूट कपाटात जातात आणि चपलांबद्दलची मतं बाहेर येतात. कॉलेजातला मुलगा भोकं-भोकं असलेली फोमची चप्पल घालून निघाला की वडील विचारतात, ही न्हाणीतली चप्पल घालून कुठं चाललास? मुलाचं उत्तर असतं, पप्पा, ह्याला क्रॉक्स म्हणतात. मावशीला कोल्हापुरीशिवाय साडी पूर्ण झाल्यासारखी वाटत नाही. जिममध्ये जाणारा भाऊ सांगतो की स्लीपरनं टाचा बाद होतात. आजोबांचं म्हणणं, आम्ही तर चौदाव्या वर्षापर्यंत अनवाणीच होतो, आम्हाला काय झालं? आजोबांच्या टाचांच्या भेगांत आठ आण्याचं नाणं उभं राहील, पण हे त्यांना सांगायची कुणाची हिंमत नाही.

ही सगळी मतं मी अनेक वर्षं ऐकते आहे. गेल्या दोन वर्षांत तर चपलेवर मराठीत एवढं लिहिलं गेलं की तिला साहित्यप्रकार म्हणायला हरकत नाही. हे सगळं वाचताना एक गोष्ट खटकत राहते. चपलेवर लिहिणारे बहुतेक जण उभे राहून किंवा बसून लिहितात, चालत कुणी लिहीत नाही. चप्पल दिसते कशी, शोभते का, कुणाची आहे, कितीला आहे, हे सगळं येतं. ती दुपारी दोन वाजता डांबरी रस्त्यावर कशी वागते, हे येत नाही.

आणि आमच्याकडे तर सुरुवात जमिनीपासूनच करावी लागते. बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग आहेत, घाटावरचा आणि घाटाखालचा. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर बुलढाणा, चिखली, मेहकर. खाली पूर्णेच्या खोऱ्यात मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद. बुलढाणा शहरात मे महिन्यात संध्याकाळी वारा लागतो. त्याच वेळी मलकापूरच्या स्टेशनबाहेर उभं राहिलं तर तळव्याखालून चटका लागतो. पारा 44-45 अंशांवर असतो आणि काळं डांबर हवेपेक्षा कितीतरी जास्त तापलेलं असतं. घाटावर जी चप्पल ‘आरामदायी’ असते, तिचा पातळ सोल घाटाखाली तव्यासारखा होतो. एकाच जिल्ह्यात, राजूर घाटाच्या दोन टोकांना, ‘आराम’ या शब्दाचे दोन अर्थ होतात. मग मुंबई-पुण्याच्या माणसानं लिहिलेल्या ‘उन्हाळ्यासाठी 10 बेस्ट सँडल’ या यादीवर आम्ही कितपत विसंबावं?

शेतात तर तिसराच अर्थ. उन्हाळ्यात पऱ्हाटी उपटून झाली की वावरात धसकटं राहतात, तुरीची आणि कपाशीची. ती वेचायचं काम बहुतेक बायकांकडे असतं. तुरीचं धसकट तिरपं कापलेलं असतं, भाल्याच्या टोकासारखं. बाभळीचा काटा हवाई चपलेचा सोल सरळ पार करतो आणि तळव्यात घुसून तिथं मोडतो. म्हणून वावरात बायकांच्या पायात मुलाचे शाळेतले जुने काळे बूट दिसतात, मोज्यांशिवाय, लेस काढून टाकलेले. आरामदायी पादत्राणांच्या कुठल्याही चर्चेत हे बूट आलेले मी पाहिले नाहीत. दिसायला ते वाईटच आहेत. त्यांचा फोटो काढून कुणी ‘समर व्हाइब्ज’ लिहिणार नाही.

बसस्टँडजवळ बसणारे एक काका आहेत. आरी, रापी, दोऱ्याचं रीळ आणि उलटा ठेवलेला लोखंडी पाय, एवढंच त्यांचं दुकान. त्यांच्याकडे एकदा एक मुलगी नव्या सँडलचा पट्टा घट्ट करून घ्यायला आली. सँडल सुंदर होती आणि पट्टा करंगळीला कापत होता. काकांनी तिला विचारलं, “बाई, पायाले पाह्यजे का पाह्याले पाह्यजे?” ती हसली. म्हणाली, “पाह्याले.” काकांनी मुकाट्यानं पट्टा घट्ट करून दिला. या संवादात मला कुणाचीच चूक दिसत नाही. पाह्याले चप्पल घेणं हा गुन्हा नाही. पण निदान तिला आपण काय निवडतोय ते माहीत होतं, आणि तेवढा प्रामाणिकपणा आपल्या चप्पलविषयक लिखाणात नाही.

उदाहरण म्हणून 2025चा उन्हाळा घ्या. 22 जूनला मिलानमध्ये प्राडाच्या पुरुषांच्या फॅशन शोमध्ये मॉडेल कोल्हापुरीसारख्या चपला घालून चालले. आधी त्यात कोल्हापूरचं नावही नव्हतं, नुसतं चामड्याच्या सँडल असं म्हटलेलं होतं. आपल्याकडे संताप झाला, तो रास्तच होता. कोल्हापुरीला 2019मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांसाठी. मग कंपनीनं महाराष्ट्र चेंबरला पत्र लिहून ही प्रेरणा भारतीय कारागिरांची असल्याचं मान्य केलं, माणसं कोल्हापुरात येऊन गेली, आणि डिसेंबरमध्ये संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकाचं तसंच महामंडळ यांच्याबरोबर 2,000 जोड बनवायचा करार झाला. किंमत सुमारे 800 युरो जाहीर झाली.

या सहा महिन्यांत आलेले लेख मी जमेल तितके वाचले. ‘अस्मिता’ हा शब्द जवळपास प्रत्येकात होता. ‘वारसा’ही होता. बाभळीची साल आणि हिरडा वापरून चामडं कसं कमावतात, हे काही चांगल्या लेखांत होतं. पण कोल्हापुरी पहिले पंधरा दिवस चावते, हे कुणी लिहिलं? अंगठ्याच्या कड्याजवळ फोड येतो, मग तेल लावून ठेवायचं, मग संध्याकाळी थोडं थोडं घालून फिरायचं, मग ती हळूहळू पायाचा आकार घेते. पावसात भिजली की फुगते, म्हणून जूनमध्ये ती माळ्यावर जाते. मराठीत यासाठी फार चांगलं क्रियापद आहे: चप्पल ‘रुळते’. नवी सून सासरी रुळते, नवा कारकून कचेरीत रुळतो आणि कोल्हापुरी पायात रुळते. हा शब्द फक्त चपलेचा नाही, दोघांचा आहे. पायही बदलतो आणि चामडंही. कोल्हापुरीची खरी समीक्षा या क्रियापदापासून सुरू झाली असती. 800 युरो देणारा गिऱ्हाईक ते पंधरा दिवस काढेल का, हा मला त्या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात रंजक प्रश्न वाटतो आणि तो कुणी विचारला नाही.

दुसरी गोष्ट. कोल्हापुरी ही ‘महाराष्ट्राची चप्पल’ आहे असं त्या लेखांनी गृहीत धरलं. बुलढाण्याहून कोल्हापूर 500 किलोमीटरहून लांब आहे. आमच्या काळ्या जमिनीत पहिल्या पावसानंतर कोल्हापुरी घालून चार पावलं चालून दाखवावं. चप्पल मागे राहील, पाय पुढे जाईल, आणि त्या पायाला किलोभर चिखल चिकटलेला असेल. लग्नात आम्हीही ती घालतो, पाह्याले. त्यात काही वाईट नाही. पण विदर्भातल्या माणसाच्या रोजच्या पायाला अस्मितेच्या चर्चेत जागाच नव्हती, कारण त्याच्या पायात असते ती रबराची, पांढऱ्या सोलची, निळ्या पट्ट्याची चप्पल. तिच्यावरून कुणाला अभिमान वाटत नाही. तिचं मूळ जपानी झोरीत आहे, नाव हवाई बेटांचं आहे, माल केरळचा किंवा दिल्लीचा आहे. तिला कुठलंच मानांकन मिळणार नाही. मात्र चपलेचा अंगठा उपटला की त्याखाली सेफ्टी पिन अडकवून आणखी तीन महिने काढायचे, ही युक्ती शंभर टक्के आपली आहे.

हवाई चपलेचं समीक्षण करायचं तर तिच्यावर मतं कोण कशी देतं ते बघा. 2017मध्ये उडान योजना सुरू झाली तेव्हा पंतप्रधान म्हणाले होते की हवाई चप्पल घालणारा माणूस हवाई जहाजात दिसला पाहिजे. शब्दांचा खेळ म्हणून तो सफाईदार आहे. (माझ्या जिल्ह्यात विमानतळ नाही. बुलढाणा शहराला अजून रेल्वेही नाही. ते असो.) पण त्या वाक्यात चप्पल म्हणजे गरिबी. मग ममता बॅनर्जी तीच चप्पल घालून आयुष्यभर राजकारण करतात, तेव्हा तीच चप्पल साधेपणा होते. आणि तीच चप्पल घालून आपला शिपाई साहेबांच्या केबिनमध्ये गेला की ती बेफिकिरी होते. सोल तोच, पट्टा तोच. बदलतो फक्त वरचा माणूस.

इथं एक सरकारी मजकूर वाचण्यासारखा आहे. डिसेंबर 2020मध्ये महाराष्ट्र शासनानं मंत्रालय आणि शासकीय कार्यालयांतल्या कर्मचाऱ्यांच्या पोशाखाबद्दल परिपत्रक काढलं. जीन्स आणि टी-शर्ट नको, हा भाग बातम्यांत गाजला. माझं लक्ष पायांवरच्या भागाकडे गेलं. स्त्रियांनी शक्यतो चपला, सँडल किंवा बूट घालावेत. पुरुषांनी बूट किंवा सँडल. आणि स्लीपर कुणीच घालू नये, असा त्याचा आशय. आता चप्पल आणि स्लीपर यांच्यातली रेघ नेमकी कुठं आहे? चामड्याची ती चप्पल आणि रबराची ती स्लीपर? की बाहेर घालायची ती चप्पल आणि घरात घालायची ती स्लीपर? ज्या घरात एकच जोड असतो आणि तोच अंगणात, वावरात, तहसीलला जातो, तिथं ही व्याख्या कशी लावायची? आणि पुरुषाला चप्पल का नाही? कोल्हापुरी, जिला आपण पुढे अस्मिता म्हणणार होतो, ती पुरुष कर्मचाऱ्याच्या यादीत अक्षरशः बसत नाही. मी हे परिपत्रक एखाद्या कवितेसारखं तीनदा वाचलं. त्यात ऊन हा शब्द मला सापडला नाही. खामगावच्या कचेरीत मे महिन्यात बंद बूट आणि मोजे घालून आठ तास बसणाऱ्या पायांना काय होतं, हा त्या मजकुराचा विषयच नव्हता. तो पाह्याले लिहिलेला मजकूर आहे.

यावर एक प्रामाणिक आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. गबाळेपणाला आरामाचं नाव देऊ नका, माणूस समोरच्याचा मान राखण्यासाठीही नीट कपडे घालतो, असं म्हणणारे सगळेच काही वरच्या नजरेचे नसतात. आमच्याकडे ही गोष्ट तर फार खोल जाते. कोणत्याही गावाच्या चौकात जाऊन पुतळ्यांचे आणि तसबिरींचे पाय पाहा. शेगावच्या गजानन महाराजांचे पाय उघडे. जिल्ह्यातल्या जवळपास प्रत्येक घरात, रिक्षात, पानटपरीवर ती तसबीर आहे आणि त्यातले ते अनवाणी पाय सगळ्यांना तोंडपाठ आहेत. थोडं पुढे गेलात की बाबासाहेबांचा पुतळा. अंगात सूट, हातात पुस्तक, पायात बूट. मूर्तिकारानं बुटाची लेससुद्धा मन लावून कोरलेली असते.

या दोन पायांमधलं अंतर समजून न घेता महाराष्ट्रात चपलेवर लिहिता येत नाही. ज्या गावांत दलितांना सवर्णांच्या आळीतून जाताना वहाणा काढून हातात घ्याव्या लागत, तिथं बूट घालणं हे ‘फॉर्मल’ नव्हतं, ते उत्तर होतं. अनवाणी राहणं ज्यानं स्वतः निवडलं त्याचं वैराग्य होतं. ज्याच्यावर लादलं गेलं त्याचं काय होतं ते सांगायला आपल्या भाषेनं फारसे शब्द ठेवले नाहीत. उलट म्हण ठेवली: पायातली वहाण पायातच बरी. ही म्हण चपलेबद्दल कधीच वापरली जात नाही, ती नेहमी माणसाबद्दल असते, बहुतेक वेळा बाईबद्दल किंवा खालच्या मानलेल्या जातीबद्दल. आणि ज्यांनी ती वहाण शिवली त्यांनाही त्याच पायरीवर ठेवलं गेलं. मराठीत चप्पल आली की अपमान जवळच असतो. जोडे मारो आंदोलन, चपलांचा हार, पायताणानं हाणीन. न्यायासाठी हेलपाटे घातले तर जोडे झिजतात. पायाला सुख देणारी वस्तू म्हणून चपलेचा उल्लेख असलेला एखादा वाक्प्रचार आठवून पाहा.

म्हणून एखाद्या दलित कुटुंबातली आई मुलाला म्हणते, स्लीपर घालून कॉलेजात जायचं नाही, बूट घाल, तेव्हा मी तिला परिपत्रकाच्या बाजूला उभं करणार नाही. दोघंही बूट घाला म्हणतात, पण ती पाहणाऱ्यांना ओळखून बोलते. आराम हा सगळ्यांना सारख्या भावानं मिळत नाही, हे तिला माहीत आहे. एम. एफ. हुसेन यांचं उदाहरण तिला लागू पडत नाही. 1964मध्ये मुक्तिबोध गेल्यानंतर आपण पादत्राणं सोडली असं हुसेन सांगत आणि ते आयुष्यभर अनवाणी फिरले. 1988मध्ये मुंबईच्या विलिंग्डन क्लबनं त्यांना अनवाणी म्हणून आत ठेवायला नकार दिला, तेव्हा बातमी झाली, क्लबवर टीका झाली. हुसेन यांचे पाय हुसेन यांचे होते. बाकीच्यांना दारावरून परत पाठवलं की बातमी होत नाही.

जर्मनीत गेल्या वर्षी याच्या उलट टोकाचा एक खटला निकाली निघाला. बिर्केनस्टॉक या कंपनीचं म्हणणं होतं की आमची सँडल ही कलाकृती आहे, तेव्हा तिची नक्कल करू नका. 20 फेब्रुवारी 2025ला तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं सांगितलं की ही सँडल कला नाही. मला हा निकाल आवडला. कलाकृतीपुढे आपण उभे राहतो, सँडलवर उभे राहतो. गंमत अशी की 2023च्या ‘बार्बी’ सिनेमात हीच सँडल उंच टाचेच्या बुटासमोर धरली जाते, खोटं सुंदर जग की खऱ्या जगाची माहिती, यातून एक निवड म्हणून. म्हणजे तिथंही आरामदायी सँडल हे सत्याचं चिन्ह. आमच्या घाटाखाली मात्र आरामाला अजून सत्याचा दर्जा मिळालेला नाही, तो आळसाच्या शेजारी बसलेला असतो.

आता क्रॉक्सवाल्या मुलाकडे येऊ, कारण तुमच्यापैकी निम्मे तेच असणार. तुमची चप्पल कुरूप आहे हा वडिलांचा मुद्दा मी सोडून देते; चवी बदलतात. ती धुता येते, चिखल धरत नाही, हलकी आहे, हे सगळं खरं. पण आठवडी बाजारात मिळणारी तिची नक्कल उन्हात अर्धा दिवस गाडीवर राहिली तर आकसते. हा फोमचाच गुणधर्म आहे, उष्णता लागली की तो आत ओढला जातो. एप्रिलमध्ये घेतलेली आठ नंबरची जूनमध्ये सात होते. शिवाय टाचेमागचा पट्टा पुढे ढकलून घालायची फॅशन आहे. तसं घातलं की पाऊल निसटू नये म्हणून बोटं आवळावी लागतात, आणि चार किलोमीटरनंतर पोटऱ्या बोलायला लागतात. हवाई चपलेचंही तेच. ती घरापासून किराणा दुकानापर्यंत चांगली. तिला जास्त अंतर मागणं हा तिच्यावर अन्याय आहे.

आणि अंतर हीच माझ्या मते एकमेव निरपेक्ष समीक्षक आहे. रामनवमीच्या आधी शेगावकडे येणाऱ्या दिंड्या बघा. चैत्राचं ऊन, खांद्यावर पताका. खामगाव ते शेगाव हे शेवटचे 16-17 किलोमीटर चालणाऱ्यांत डॉक्टर असतात, शेतमजूर असतात, कॉलेजची पोरं असतात. त्या रस्त्यावर चपलांचे सगळे पंथ एकत्र दिसतात. काही जण नवस म्हणून अनवाणी. काही जण सकाळी अनवाणी आणि अकरानंतर मुकाट्यानं पिशवीतून चप्पल काढतात. महाराज समजून घेतील. महागडे रनिंग शूज घालून निघालेला शहरातला पाहुणा दहाव्या किलोमीटरला रस्त्याकडेला बसून मोजे काढतो, आत घामानं सगळं शिजलेलं. कोल्हापुरीवाला अंगठ्याला कापड बांधतो. आणि मागे पट्टा असलेली, जाड सोलची, तीन-चारशे रुपयांची साधी सँडल घातलेली पन्नाशीची बाई कुठंही न थांबता पुढे निघून जाते. तिचं चपलेवर काही मत असेल तर ते विचारण्याइतका वेळ ती तुम्हाला देत नाही.

मला त्या दृश्यात नेहमी मार्च 2018चा नाशिक ते मुंबई किसान लाँग मार्च आठवतो. साधारण 180 किलोमीटर, सहा दिवस. त्याचे भाषणांचे फोटो आज कुणाला आठवत नाहीत, तळव्यांचे आठवतात. सोललेले, फुटलेले तळवे, दोरीनं बांधलेल्या चपला. मुंबईकरांनी तेव्हा रस्त्यावर येऊन पाणी, जेवण आणि चपला वाटल्या. एका शहरानं हजारो परक्या माणसांच्या पायांकडे पाहून आधी चपला आणल्या, मत नंतर दिलं, असं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. त्या चपला बहुतेक रबराच्याच होत्या. त्यांच्यावर कुणी लेख लिहिला नाही, मीही आत्ता एवढंच लिहिते आहे.

मागे पट्टा, जाड सोल, बोटं मोकळी, चावणारी शिवण आतल्या बाजूला नाही: माझं मत विचाराल तर उन्हाळ्यासाठी एवढं पुरे आहे. घ्यायची तर संध्याकाळी घ्यावी, दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो. रंग काळा नको, तापतो. शहरातल्या पायाला ही सँडल कुठंही मिळेल. धसकटं वेचणाऱ्या बाईला मात्र तीही पुरत नाही. तिला बाभळीचा काटा आत येऊ न देणारा सोल हवा, बाजूनं धसकट घुसू नये म्हणून बंद कड हवी, आणि तरीही उन्हात पाय उकडू नये. खामगावच्या बाजारात मी अशा चपलेची चौकशी केली. दुकानदारानं आधी मला सेफ्टी शूज दाखवले, कारखान्यातले, लोखंडी टोकाचे, पुरुषांच्या मापाचे. मग जरा विचार करून म्हणाला, बायका तर पोरांचे जुने बूट घालतात ना?